शिकारीचा बूमरँग

आमच्या लंडनजवळच्या पिनरच्या घरमालकांच्या दारातून 'जातो' म्हणून बाहेर पडायची कुणाची टाप नव्हती. मला हे कळलं ते राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, आणि चांगलं चारचौघांत कळलं. टायपिंगच्या क्लासला उशीर होत होता. एका हाताने कोटाची बटणं लावत मी जिन्यावरून ओरडले, "काका, मी जाते हो," आणि धावत सुटले. बस स्टॉपवर रांगेत उभी राहते न राहते तोच मागून सपातांचा फटक फटक आवाज आला. बघते तर काका. अर्ध्या गालाला साबण, खांद्यावर टॉवेल, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. मला वाटलं घराला आग लागली.

"काय म्हणालीस गो?" काका धापा टाकत म्हणाले.

"कधी?"

"निघताना."

"जाते म्हणाले."

"येते म्हण."

रांगेतल्या एका बाईने छत्री अंगाशी घेतली. एका गृहस्थांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. पुण्यात जन्म काढलेली मी, मला का ठाऊक नव्हतं की घरातून निघताना जाते म्हणायचं नसतं? पण इथे येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आपलं बोलणं कुणाला कळतंय म्हणून जीभ सैल सुटली होती. "येते," मी दातओठ खात म्हटलं.

"हां. आता जा," काका म्हणाले, आणि तसेच फटक फटक परत गेले. बस तोवर निघून गेली होती.

काका म्हणजे आमचे नात्याचे कुणी नव्हेत. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिकडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि राहायला जागा मिळेना. फोनवर खोली रिकामी असायची, आमची तोंडं दिसली की भरलेली असायची. शेवटी ह्यांना कुणीतरी सांगितलं, पिनरला एक म्हातारा आहे, मराठी बोलतो, पण जरा चक्रम आहे. मी म्हटलं, चक्रम चालेल, मराठी बोलतो ना? साठीच्या दशकाचा शेवट होता तो. आम्ही पाच वर्षांसाठी आलो होतो. त्या काळी सगळेच पाच वर्षांसाठी आलेले असत.

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, रेवदंड्याकडचे. घराणं तेल्याचं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे ते मोठ्या ऐटीत सांगत. घाणा सोडून तरुणपणी बोटीवर सुतार म्हणून गेले, जग पालथं घातलं, आणि लढाईनंतर लंडनला उतरले ते एका फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय करत राहिले. लग्न केलं नाही. बाँबने अर्धं पडलेलं घर घेतलं आणि स्वतःच्या हाताने उभं केलं. त्यामुळे त्यातली एकही पायरी दुसऱ्या पायरीच्या उंचीची नव्हती. हे एकदा म्हणाले, "काका, सुतार ना तुम्ही?" तर म्हणाले, "बोटीवरचा सुतार. बोटीत काही सरळ नसतं."

येतो म्हणायचा नियम घरच्यांपुरता असता तर एकवेळ ठीक. पण दूधवालासुद्धा बाटल्या ठेवून जाताना "येटो" म्हणायचा. त्याला वाटायचं, गुड डे म्हणतात तसं काहीतरी असेल. समोर राहणाऱ्या बाई त्याच्याकडून ते शिकल्या आणि काकांकडे काही कामाला आल्या की दारात वळून "येटो" म्हणायला लागल्या. काका दर वेळी दुरुस्त करायचे, "नो, नो. ही येतो, शी येते." बाई बिचाऱ्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. मी वरच्या खिडकीत पदराचा बोळा तोंडात धरून उभी.

आणि गंमत अशी, की काका स्वतः कधीही येतो म्हणत नसत. बाहेर पडायचे ते मागच्या दाराने, गुपचूप, दुधाचं पातेलं लवंडून पळणाऱ्या मांजरासारखे. मी एकदोनदा पकडलं, "काका, येतो म्हणा की." तर ऐकू न आल्यासारखं करून निघून जात.

त्यांच्या पॅसेजमध्ये, जिथे लोक आरसा लावतात तिथे, तीन लाकडी वस्तू खिळ्यांना टांगलेल्या होत्या. एक जाडजूड बूमरँग, माझ्या हातापेक्षा लांब, काळपट लाल, त्याच्या अंगावर एकाला लागून एक अशा कोरलेल्या रेघा. हातात घेतला तर वरवंटा उचलल्यासारखं मनगट खाली जायचं. एक सोटा, टोकाला गाठ असलेला. आणि एक लांबट, पानाच्या आकाराची, खोलगट फळी. तिच्या एका टोकाला लाकडाचा बारीकसा दात डिंकाने बसवून वर दोऱ्याने आवळलेला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ही शिकारीची हत्यारं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती फळी बघितली आणि मला वाटलं, काठवट. जरा निमुळती आहे, पण असेल त्यांच्याकडची तशी पद्धत. एका दुपारी ती खाली काढली, पुसली, आणि मागच्या पायरीवर बसून तिच्यात वाटाणे सोलायला घेतले.

काका लाकूडकामाच्या शेडमधून आले आणि समोर थबकले.

"तुमची काठवट घेतली हं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ते खाली पायरीवर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "वूमेरा म्हणतात त्याला. भाला फेकायचा त्याने. ह्या दातात भाल्याचं बूड अडकवायचं आणि झटका द्यायचा. आपला हात आहे त्याच्या दुप्पट लांब होतो, समजलं?"

"अगं बाई, हत्यार? द्या इकडे, मी धुऊन ठेवते."

"राहू दे गो. ज्याने दिली तो हिच्यातच रानातली फळं आणायचा, हिच्यातच रंग कालवायचा. जन्मभर चालणारी माणसं ती, दहा वस्तू कुठे वागवणार? एकच वस्तू सगळ्या कामाची. इतकी वर्षं मी नुसती खिळ्याला टांगलीय हे बघून त्याला वाईट वाटलं असतं. वाटाणे बघून नाही वाटणार." तेव्हापासून आमच्या घरी वाटाणे त्या फळीतच सोलले गेले. ह्यांच्या हॉस्पिटलातले लोक जेवायला आले की बघत राहायचे.

काकांबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे एक परीक्षाच होती. माणसांकडे लक्ष नाही, गाड्यांकडे नाही, नजर वर झाडांत. झाडाचं कोपर शोधायचे, शेडमध्ये बूमरँग करायला. फांदी जिथे खोडातून फुटून वळते त्या जागेला ते कोपर म्हणत. बूमरँग काही लाकूड वाकवून करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आधीच वळलेलं झाड शोधायचं, लाकडाच्या रेषा आपणहून जिथे वळल्यात तिथेच कापायचं. सरळ फळीतून कापलेला बूमरँग पहिल्या दगडाला दोन तुकडे होतो. मग एखाद्याच्या अंगणात मनासारखं कोपर दिसलं की काका सरळ बेल वाजवायचे. "गुड मॉर्निंग. आय लाइक युअर एल्बो." निम्मे लोक दार लावून घेत. एकदा पोलीस घरी आला. काकांनी त्याला चहा दिला, शेड दाखवली आणि निघताना येतो म्हणायला लावलं.

समोरच्या बाईंच्या अंगणात ॲशचं एक मोठं झाड होतं आणि त्याच्या एका फांदीवर काकांचा जीव जडला होता. वर्षानुवर्षं विचारत होते, बाई वर्षानुवर्षं नाही म्हणत होत्या. जिवंत फांदी कशी तोडायची, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही चूक नव्हतं. मग एका हिवाळ्यात वादळ झालं. सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं तर बाई रबरी बूट घालून उभ्या, आणि मागे रस्ताभर ओढत आणलेली ती फांदी. "टेल हिम," त्या म्हणाल्या, "हिज एल्बो हॅज कम." काकांनी त्यातून दोन बूमरँग केले, एक बाईंना दिला. त्यांनी तो फायरप्लेसवर मांडला आणि आल्यागेल्याला सांगत, हा माझ्याच झाडाचा.

पण स्वतः केलेल्या बूमरँगवर काकांनी कधी एक रेघ कोरली नाही. मी म्हटलं होतं, भिंतीवरच्यावर कशा छान रेघा आहेत, तशा काढा की. "त्या त्याच्या घरच्या," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावाची सही आपण करतो का?"

तो म्हणजे कोण, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. काकांची बोट एकदा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला एका बंदरात इंजिन बिघडून अडकून पडली होती. काकांना काम नाही. गावाबाहेर झाडाखाली एक म्हातारा आदिवासी लाकूड तासत बसलेला दिसला, काका जाऊन शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भाषा म्हणावी तर दोघांचंही इंग्रजी धन्यवाद. पण लाकडाचं काम बघायला भाषा कशाला लागते. काही दिवसांनी म्हाताऱ्याने काकांच्या हातात हत्यार दिलं आणि तास म्हणाला. मी विचारलं, "नाव काय हो त्याचं?" काका म्हणाले, "सांगितलं होतं त्याने. पण त्यांच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. आता असेल की नसेल कुणास ठाऊक. कशाला घेऊ?"

त्या म्हाताऱ्याने एक दिवस तो मोठा बूमरँग फेकून दाखवला. जमिनीलगत घूं घूं करत गेला आणि लांब झुडपांत पडला. काका उभेच. म्हाताऱ्याने विचारलं, काय बघतोस? काका म्हणाले, परत यायची वाट बघतोय. म्हातारा असा हसला की खाली बसला. मग म्हणाला, हा शिकारीचा. हा परत येत नसतो. जिथे लागतो तिथे पडतो, आपण चालत जायचं. परत येणारे वेगळे, ते हलके, पाखरं उठवायला आणि पोरांना खेळायला.

"म्हणजे बघ," काका मला शेडमधले हलके बूमरँग दाखवत म्हणायचे, "हे सगळे येतो. आणि भिंतीवरचा तो जातो." येतो बूमरँग ते रविवारी सकाळी मैदानावर नेऊन फेकत. शनिवारी कशाला हात लावायचा नाही, म्हणून रविवार. दहा फेकले तर चार परत यायचे. बाकीचे टेनिस कोर्टात, कुणाच्या प्रॅममध्ये, एकदा चर्चमधून निघालेल्या बायकांच्या टोप्यांवरून. "सॉरी, सॉरी," करत काका धावायचे. जातो मात्र, एक रविवार सोडला तर, फेकायला कधी भिंतीवरून खाली उतरला नाही.

पुढे सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ती तिन्ही हत्यारं त्यांनी ह्यांच्या हॉस्पिटलातल्या एका ऑस्ट्रेलियन नर्सबरोबर पाठवून दिली. त्या बंदराजवळ म्हाताऱ्याच्या माणसांपैकी कुणी सापडलं तर त्यांना द्यायला. पोचली की नाही ते काही कळलं नाही. भिंतीवर तीन खिळे राहिले. मी तिथे आरसा लावते म्हटलं तर काकांनी लावू दिला नाही.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही ते घर सोडलं, दुसरं घेतलं, पाच वर्षं कधीच संपून गेली. घरातून निघताना मी अजून मोठ्याने येते म्हणते. हे असताना 'ये' म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही, तरी मी म्हणते. कधी कधी बस स्टॉपवर उगीच मागे वळून बघते. एवढी आठवण येते त्या माणसाची की काय सांगू.

येतो म्हणायचा हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला मलिद्याच्या दिवशी सांगितलं. त्यांच्यात एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. काका वर्षातून एकदा करायचे. त्या दिवशी खोबरं मी खवत होते. मी सहज विचारलं, "घरी कोण करायचं, आई?" काकांचा हात पोह्यांत थांबला.

वडील गेले तेव्हा घाणा काकांनी चालवावा असं आईचं म्हणणं. काकांना बोटीवर जायचं होतं. महिनाभर घरात भांडण. मग एका सकाळी काकांनी वळकटी उचलली आणि म्हणाले, जातो. आई दारात आली. "भांड हवं तेवढं," म्हणाली, "पण येतो म्हण." काकांनी मागे वळून बघितलं नाही. ती बांधापर्यंत मागून आली. "येतो म्हण रे. येऊ नको हवं तर, पण म्हण." नाही म्हणाले. तरुण वय, डोकं गरम. दोनतीन वर्षांनी कुठल्याशा बंदरात कळलं, आई गेली. धाकटी बहीण होती, तिने निरोप धाडला होता, की आई शेवटपर्यंत म्हणत होती, त्याने येतो म्हटलं नाही, तो यायचा नाही.

"मग तुम्ही गेलाच नाहीत?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडाने जाऊ?" काका म्हणाले आणि पोहे कालवायला लागले.

बहीण अजून त्याच घरात होती. नवरा गेलेला, दोन्ही मुलं इस्रायलला. रेवदंड्याची त्यांची आळी एकेक करून तिकडे निघून गेली होती. मुलं बोलवत होती आणि ती जात नव्हती. कुणी इकडे येणारं असलं की त्याच्याबरोबर आमसुलं नाहीतर पोह्यांची पुरचुंडी पाठवायची, आणि एकच निरोप, एकदा ये. काका पुरचुंडी घेत, वास घेत, आणि म्हणत, येत्या वर्षी बघू. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

मग एका उन्हाळ्यात अलिबागच्या एका डॉक्टरांची आई मुलाकडे आली. ठसठशीत बाई, कपाळाला मोठं कुंकू, तोंड भारी स्पष्ट. पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमच्या बहिणीने सांगितलंय, पासपोर्ट झाला. घराला गिऱ्हाईक आलंय. खिरीच्या सणापर्यंत थांबते म्हणाली, पुढे नाही." खिरीचा सण त्यांच्यात आपल्या नवरात्राच्या आगेमागे येतो. म्हणजे अडीच-तीन महिने.

"त्या बाईने चहा घेतला का?" एवढंच काका मला नंतर म्हणाले. त्या आठवड्यात ते कुणाशी धड बोलले नाहीत. दूधवाला नुसताच निघून गेला, त्यांनी हटकलं नाही. तेव्हा मी घाबरले.

रविवारी सकाळी पॅसेजमध्ये खुडबुड ऐकू आली म्हणून खाली आले. काकांनी भिंतीवरचा जातो खाली काढला होता. मी कोट चढवला आणि मागोमाग गेले. हवा नेहमीसारखीच, ना धड पाऊस ना धड ऊन. मैदानावर कुणी नव्हतं. काकांनी दोन पावलं मागे घेतली आणि तो जड बूमरँग असा फेकला की त्या वयात कुठून ताकद आली कळेना. घूं घूं करत तो गवतावरून सरळ गेला आणि पार पलीकडच्या झुडपांत दिसेनासा झाला.

काका उभे राहिले.

"आणायला नको?" मी विचारलं.

"थांब जरा."

"कशाला?"

"बघू या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस खरोखर वाट बघत होता.

"काका, हा येणारा नाही. तुम्हीच सांगितलंत मला."

"माहीत आहे गो."

"मग काय बघताय?"

ते झुडपांकडेच बघत राहिले. मग मात्र माझा तोल सुटला. "तीस वर्षं तुम्ही हेच करताय," मी म्हटलं. "इथे उभं राहून बघताय, काही परत येतं का. तुमची बहीण तिथे एकटी घर धरून बसलीय. ती इस्रायलला गेली की संपलं. मग कुणाकडे जाल? गिऱ्हाइकाकडे? त्या म्हाताऱ्याने एवढं हसून सांगितलं तुम्हाला, आपण चालत जायचं. तेवढं सोडून बाकी सगळं शिकलात त्याच्याकडून."

"तुला काय जातंय बोलायला?" काका म्हणाले. इतका रागावलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. "तू बोलून आलीस ना आईशी नीट? मग गप्प बस." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागले.

मी तशीच तणतणत झुडपांत शिरले. बूमरँग सापडला, पण नेटल्सच्या गचपणात. त्या पाल्याचा नुसता स्पर्श झाला की अंगाची आग होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोपरापर्यंत दोन्ही हात टरारून सुजले. घरी आले, बूमरँग टेबलावर आपटला आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. राग, आग, सगळं एकदम होत होतं. काकांनी माझ्या हातांकडे बघितलं, मागच्या अंगणात गेले आणि डॉकची रुंद पानं खुडून आणली. इथले लोक नेटल्सवर तीच चोळतात. पानं चुरडून ते माझ्या हातांवर चोळत बसले, बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाले, "तुम्ही तिकिटं कुठे काढता?"

आम्ही त्यांना विमानतळावर पोचवायला गेलो. नवा कोट, जुनी बोटीवरची पेटी. ह्यांनी सगळे कागद तपासून दिले. मी मनात म्हणत होते, आज तरी म्हणतील. काका आत जायच्या दारापर्यंत गेले, थांबले, माझ्याकडे वळून बघितलं. ओठ हलले. मग म्हणाले, "निघतो." येणं नाही, जाणं नाही. मी मान हलवली, दुसरं काय करणार. परत येताना गाडीत मी एवढी रडले की ह्यांचा दोनदा रस्ता चुकला.

सण उलटून गेल्यावर काका परत आले. संध्याकाळची वेळ, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. कोटसुद्धा न काढता खुर्चीवर बसले. वाळले होते, काळवंडले होते. मी आधी ताट वाढलं. चार घास पोटात गेले आणि मग ते आपणहून बोलायला लागले.

"एसटीतून उतरलो," म्हणाले. "रस्ता विसरलो नव्हतो, पण पाय उचलेनात. काय बोलायचं ते विमानात सगळं घोकून ठेवलं होतं. क्षमा कशी मागायची, काय काय सांगायचं. दार लावलेलं. कडी वाजवली. आतून आवाज आला, कोण? आणि आईचा आवाज गो. बहीण आता तशीच बोलते, मला काय माहीत. माझं घोकलेलं सगळं गेलं. तोंडातून एवढंच निघालं, मी."

मी लाटणं खाली ठेवलं. "मग?"

"मग काय? तीस वर्षांनी एक बाप्या दारात उभा राहून नुसतं मी म्हणतोय. तिने मी म्हणजे कोण, असं विचारलं नाही. आतून कडी काढता काढता म्हणाली, मग आत ये की, दारात कशाला उभा?"

हे जिन्यावरून खाली येत होते, ते तिथेच थांबले.

"आईचं काही बोलली?"

"ती नाही बोलली, मी नाही बोललो. खीर केली तिने. माळ्यावरची भांडी काढली, पुसली, शेजाऱ्यांना वाटली. घाण्याचं लाकूड परसात पडलंय अजून, कुणी नेलं नाही. मग मुंबईला विमानात बसवून दिली तिला. घराची किल्ली मीच नव्या मालकाला दिली. भला माणूस आहे. आंबे पाठवीन म्हणाला."

मी त्यांच्या ताटात पोळी टाकली. ती त्यांनी मोडली नाही, नुसता हात वर ठेवून बसले.

"बोटीवर म्हण, बंदरात म्हण, कारखान्यात, इथे, कुठेही दार वाजवलं की आधी नाव सांगायचं," काका म्हणाले. "वर स्पेलिंग सांगायचं. तिथे नुसतं मी म्हटलं आणि चाललं. तेवढं एक दार होतं. आता कुठेही गेलो तरी मला नाव सांगावं लागणार."